अहमदाबादच्या जुन्या हवेलीत दोन रात्री : आधी काय विचारायचं आणि गेल्यावर कसं राहायचं

अहमदाबादला हॉटेलात राहणार असं घरात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘अगं, मणिनगरला आपले अमके आहेत की! हॉटेल कशाला?’ त्यांच्याकडे एक दुपार जेवायला जरूर जा. रात्र मात्र जुन्या शहरात काढा. अहमदाबादचं तटबंदीतलं शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. एक अख्खं शहर म्हणून या यादीत बसलेलं ते भारतातलं पहिलं. तिथल्या काही जुन्या हवेल्या आणि गिरणीमालकांचे बंगले आता छोटी, महागडी हॉटेलं झाली आहेत. खोल्या मोजक्या, प्रत्येक खोली वेगळी, आणि भाडं असं की क्षणभर वाटतं, एवढ्यात तर साबरमतीपलीकडच्या नव्या काचेरी हॉटेलात दोन दिवस जास्त राहता येईल.

वाटतं ते खरंच आहे. म्हणूनच हा लेख. अशा ठिकाणी जाऊन लोक सकाळी नऊला बाहेर पडतात, रात्री दहाला झोपायला येतात आणि मग म्हणतात, ‘ठीक होतं, पण पैसे जास्त घेतले.’ पैसे घराचे असतात. घरात थांबलं नाही तर ते फुकट गेले.

घर कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा

जाहिरातीत सगळ्यांनाच ‘हेरिटेज’ म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींतलं राहणं वेगळं.

पहिला प्रकार पोळीतल्या हवेलीचा. ही पोळ म्हणजे देवाला सोडलेला बैल नव्हे. पोळ म्हणजे एक दरवाजा असलेली, आत फाटे फुटत जाणारी निवासी गल्ली. ढाळनी पोळमधली फ्रेंच हवेली याच जातीची. इथे गाडी दारापर्यंत येत नाही, भिंतीला भिंत लागून शेजारचं घर असतं, आणि सकाळी कुणाच्या तरी कुकरच्या शिट्टीने जाग येते. दुसरा प्रकार मोठ्या रस्त्यावरच्या शेठच्या वाड्याचा. लाल दरवाज्याजवळचं ‘हाउस ऑफ एमजी’ त्यातलं सर्वांत माहितीचं. कापडगिरण्यांचे मालक शेठ मंगळदास गिरधरदास यांचं १९२४ सालचं हे घर. यातल्या एमजीचा ना महात्मा गांधींशी संबंध, ना एखाद्या रस्त्याशी. ती शेठजींची आद्याक्षरं. हे घर पोळीतल्या घरापेक्षा ऐसपैस आहे, गाडी समोर थांबते, पण समोर शहराची सगळी वाहतूक. तिसरा प्रकार बंगल्याचा : भोवती थोडी मोकळी जागा, कमी उंची, शांतता. रायखडचा एकोणिसाव्या शतकातला दिवाणचा बंगला त्या धाटणीचा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला पोळीतली हवेली घ्या. आईवडील बरोबर असतील तर रस्त्यावरचा वाडा किंवा बंगला घ्या. कारण पुढे येतंच आहे.

खोली निवडणं : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

साध्या हॉटेलात ‘डिलक्स’ आणि ‘सुपर डिलक्स’मध्ये फरक म्हणजे सोफा. जुन्या घरात तसं नसतं. खोलीची किंमत आणि खोलीचं सुख यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. तो समजायला घराची रचना डोक्यात असावी लागते.

पोळीतली घरं अरुंद आणि खोल असतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. म्हणजे बाजूला खिडकी काढायची सोयच नाही. उजेड आणि वारा दोनच ठिकाणांहून येणार : पुढच्या गल्लीतून किंवा घराच्या मधल्या चौकातून. हे एकदा लक्षात आलं की संकेतस्थळावरचे फोटो न बघताही खोली कशी असेल ते सांगता येतं.

गल्लीकडची खोली म्हणजे कोरीव लाकडी खिडक्या, पुढे झुकलेला सज्जा, उजेड. आणि आवाज : स्कूटर, भाजीवाला, देवळातली घंटा, पहाटेची अजान. माझ्यासारख्याला तो आवडतो. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी ही खोली घेऊ नये आणि घेतली तर तक्रार करू नये.

चौकाकडची खोली थंड आणि शांत, निदान दिवसा. पण चौकात बसलेल्यांची नजर थेट तुमच्या खिडकीवर, त्यामुळे पडदा ओढलेलाच राहतो. शिवाय चौकात जेवणाची टेबलं मांडत असतील तर रात्री अकरापर्यंत चमच्यांचा खणखणाट आणि दुसऱ्यांच्या गप्पा तुमच्याच.

मागच्या अंगाची खोली उन्हाळ्यात सगळ्यात गार आणि बहुधा सगळ्यात अंधारी. पूर्वी तिथे धान्य किंवा दागदागिने ठेवत. आता तिथे सुंदर दिवे लावून फोटो काढतात. फोटोत खिडकी दिसत नसेल तर ती नसते, असंच धरून चाला.

अगदी वरची, गच्चीलगतची खोली थंडीत स्वर्ग. एप्रिल-मेमध्ये तिचं नाव काढू नका.

आता जिने. या घरांचे मूळ लाकडी जिने इतके उभे असतात की वर चढताना आधाराला दोर धरावा लागतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यात बालपण गेलेल्यांना यात नवल नाही, पण त्या लोकांचे गुडघे आता साठीत आहेत. काही घरांनी मागून लिफ्ट बसवली आहे, काहींना ती बसवता येत नाही, कारण जुन्या इमारतीत तेवढी जागाच नसते.

फोन करा, आणि हे विचारा

खोली ऑनलाइन बघा, पण बुकिंगआधी एकदा थेट फोन कराच. छोट्या हॉटेलात फोन उचलणाऱ्याला प्रत्येक खोली ठाऊक असते. विचारायचं ते असं : खोलीची खिडकी कशावर उघडते? खोलीपर्यंत किती पायऱ्या, आणि त्यातल्या जुन्या लाकडी जिन्याच्या किती? बाथरूम खोलीच्या आत आहे की दोन पायऱ्या उतरून? (जुन्या घरात मोरी मागाहून घुसवलेली असते, त्यामुळे ती कुठेही असू शकते.) गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून सामान कोण आणतं? वाय-फाय खोलीत चालतं की फक्त चौकात? दीड-दोन फुटी भिंतींतून ते पाझरत नाही. ऑफिसचं काम घेऊन जाणाऱ्यांना हा प्रश्न फार महत्त्वाचा.

आणि एक प्रश्न जो मी पहिल्यांदा विचारला नव्हता : ‘त्या तारखांना घरात काही कार्यक्रम आहे का?’ एका जुन्या हवेलीत, नाव सांगत नाही, आम्ही चौकाकडची सगळ्यात महाग खोली घेतली होती. संध्याकाळी पोहोचलो तर चौकात झेंडूच्या माळा सोडत होते. मी म्हटलं, वा, काय स्वागत आहे! ते कुणाच्या तरी मुलीच्या लग्नातल्या ‘संगीत’ कार्यक्रमाची तयारी करत होते. ढोल रात्री साडेबारापर्यंत चालला. सकाळी व्यवस्थापकाने मनापासून माफी मागितली आणि न विचारता एक प्लेट खांडवी पाठवली. खांडवी उत्तम होती, झोप ती गेलीच. जुने चौक लग्नाच्या फोटोंना फार मागणीत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रश्न विचाराच.

तारीख

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट. बाकी चर्चा फारशी नको. एप्रिलपासून जूनपर्यंत पारा चाळिशीच्या पुढे असतो. पावसाळ्याला मात्र माझा अर्धा कौल आहे : चौकात धो-धो पाऊस पडताना भोवतीच्या ओसरीत चहा घेऊन बसणं वेगळंच, शिवाय दरही उतरलेले असतात.

१४ जानेवारीची उत्तरायण हा वेगळा विषय. आपण संक्रांतीला तिळगूळ देऊन मोकळे होतो. तिथे अख्खं शहर दोन दिवस गच्चीवर राहतं, पतंग, उंधियू आणि जिलबीसकट. जुन्या शहरातल्या गच्च्या त्या दिवसांसाठी भाड्याने जातात. तेव्हा राहायचं असेल तर काही महिने आधी बुकिंग करा, दर बराच चढा असणार हे धरून चाला, आणि हॉटेलच्या गच्चीवर पाहुण्यांना जागा आहे ना ते लेखी घ्या.

पैसे

एक हिशेब खूप जणांच्या नजरेतून सुटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,७०० ची ९,०८६ ला. तीनशे रुपयांच्या फरकाचे तेराशे होतात. दर या रेषेच्या जरासा वर असेल तर थेट फोनवर विचारा, आठवड्याच्या मधल्या दिवसांत कमी होतो का. छोटी हॉटेलं बुकिंगच्या संकेतस्थळांना मोठं कमिशन देतात, त्यामुळे थेट येणाऱ्याला काहीतरी सूट किंवा निदान नाश्ता द्यायला त्यांना परवडतं. मागायला लाजू नका. गुजरातेत भाव न केल्याचंच आश्चर्य वाटतं.

रद्द करण्याच्या अटी नीट वाचा. खोल्याच दहा-पंधरा असलेल्या घराला ऐनवेळी रिकामी राहिलेली खोली जड जाते, म्हणून अटी कडक असतात.

पोहोचणं

मुंबईहून वंदे भारत साडेपाच तासांच्या आसपास पोहोचवते. मला रात्रीची गुजरात मेल बरी वाटते, कारण ती सकाळी लवकर उतरवते. फक्त मग खोली दुपारपर्यंत मिळत नाही. आदल्या दिवशी फोन करून ‘सामान ठेवायला आणि तोंड धुवायला जागा द्या’ एवढं सांगा. कुणी नाही म्हणत नाही.

अहमदाबादचं मुख्य स्टेशन कालूपूर, म्हणजे जुन्या शहराच्या पूर्व टोकालाच. मेट्रोची भुयारी स्टेशनं कालूपूर आणि घीकांटा इथे आहेत, पण सामान असेल तर रिक्षाच घ्या. पोळीत राहणार असाल तर चाकांची मोठी बॅग घरी ठेवा. खडबडीत गल्लीत ती ओढत नेताना आख्खी पोळ बघायला ओट्यावर येते. खांद्यावरची पिशवी उत्तम.

पहिला तास घरात

ओळखपत्र दाखवून झालं की लगेच खोलीत जाऊन आडवे होऊ नका. कुणाला तरी घर दाखवायला सांगा. अशा हॉटेलात हे मोफत असतं आणि दाखवणाऱ्यालाही आवडतं. मराठी माणसाला तर निम्मी भाषा आधीच येते. ओटलो म्हणजे आपला ओटा. चोक म्हणजे चौक. परसाळ म्हणजे ओसरीसारखी चौकालगतची जागा, ओरडो ही आतली खोली, मेडो म्हणजे माडी. हिंचको म्हणजे झोपाळा, आणि तो पितळी कड्यांचा असेल तर दुपारची जागा ठरली.

चौकाच्या फरशीत एखादं दगडी किंवा धातूचं झाकण दिसेल. त्याखाली टांकं आहे का विचारा. छपरावरचं पावसाचं पाणी नळीने खाली आणून चौकाखालच्या चुनेगच्ची हौदात साठवायचं, अंधारात बंद ठेवायचं आणि वर्षभर प्यायचं, ही या शहराची जुनी पद्धत. साबरमती उन्हाळ्यात आटायची, विहिरींचं पाणी मचूळ, त्यावरचा हा उपाय. पहिल्या पावसाचं पाणी आत घेत नाहीत. छप्पर धुऊन ते वाहून जाऊ देतात.

भिंतीतही बघा. विटांच्या थरांत आडवी लाकडं बसवलेली दिसतात. भूकंपात असं घर डोलतं, पण चटकन कोसळत नाही. लाकूड आणि वीट एकमेकांना धरून ठेवतात.

दिवस कसा कापायचा

सकाळ शहराची. महानगरपालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सकाळी आठच्या सुमारास निघून पोळींतून, चबुतऱ्यांवरून, कवी दलपतराम यांच्या घराच्या जागेवरून तो जामा मशिदीपाशी संपतो. अडीच तास लागतात. वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी पक्कं करा. चबुतरा म्हणजे पाखरांना दाणे टाकायचा खांबावरचा मनोरा. दाटीवाटीच्या गल्लीत झाडांना जागा नव्हती, म्हणून पाखरांसाठी केलेली सोय.

साडेदहा-अकराला परत या. लोक नेमकं हेच करत नाहीत. अकरा ते चार घरात राहा : अंघोळ, जेवण, झोपाळा, झोप. चौकातलं ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकताना बघायला तुम्ही इथे आला आहात. अरुंद गल्ली दिवसभर सावलीत असते, चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि गल्लीतली गार हवा आत ओढली जाते. एसी तासभर बंद करून बघा. डिसेंबरात नक्कीच जमतं.

चारनंतर सिदी सय्यद मशीद. ‘हाउस ऑफ एमजी’त उतरला असाल तर रस्ता ओलांडायचा, एवढंच. १५७२-७३ ची ही मशीद, गुजरातची सल्तनत संपता संपता बांधलेली. बांधणारा हबशी, म्हणजे आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींसारखाच आफ्रिकेतून आलेल्यांपैकी. झाडाच्या फांद्या गुंतलेली ती प्रसिद्ध दगडी जाळी पश्चिमेच्या भिंतीत आहे, म्हणून उतरत्या उन्हात ती उजळते. अहमदाबादच्या आयआयएमचं बोधचिन्ह याच जाळीवरून घेतलं आहे.

तिथून चालत तीन दरवाजा. यावर मराठी माणसाने थांबावं असं काही आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्या सामाईक ताब्यात होतं. रायखडची गायकवाड हवेली त्या काळची. तीन दरवाज्यावर १८१२ सालचा शिलालेख आहे : मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचं फर्मान, की मुलीला वडिलांच्या मालमत्तेत तिचा वाटा बिनतक्रार द्यावा, जो देणार नाही त्याला, हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जबाब द्यावा लागेल. फेरीवाल्यांच्या गर्दीत तो शोधावा लागतो. कुर्ते आणि चपला विकणाऱ्यांना विचारलं तर ते हात करतात. पुढे स्वातंत्र्यानंतर लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले गणेश वासुदेव मावळंकर याच शहरात वकिली करत होते आणि इथल्या नगरपालिकेचे अध्यक्षही होते. मणिनगरच्या नातेवाइकांना हे सगळं सांगा. बहुतेकांना माहीत नसतं.

रात्री नऊनंतर माणेकचौक. दिवसा सराफ बाजार, रात्री त्याच जागी खाण्याच्या गाड्या. एकदा बघायलाच हवं. चॉकलेटचं सँडविच मात्र मी तुम्हाला खा म्हणणार नाही.

जेवण

एक जेवण घराच्या गच्चीवर घ्या. गुजरातीत गच्ची म्हणजे अगाशी, आणि ‘हाउस ऑफ एमजी’तल्या गच्चीवरच्या थाळीच्या जागेचं नावही त्यावरूनच ‘अगाशिये’. थाळीला वेळ द्या. वाढप थांबत नाही. डाळ गोड लागली म्हणून पहिल्या घासाला तोंड वाकडं करू नका, फरसाण आणि कढीबरोबर ती जमते. स्वयंपाक्याला तिथे ‘महाराज’ म्हणतात. ‘महाराजांना बोलावू का?’ असं वाढप्याने विचारलं की आपण क्षणभर उठून उभे राहायच्या बेतात असतो. बोलवा, आणि दाद द्या.

जुन्या घरांतल्या पुष्कळ स्वयंपाकघरांत मांस-मासे चालत नाहीत. हवं असेल तर आधी विचारा. गुजरातेत दारूबंदी आहे. बाहेरच्या पर्यटकाला तात्पुरता परवाना मिळू शकतो, पण या छोट्या घरांत त्याचा उपयोग नाही. मुंबईहून बाटली बॅगेत घालून आणायचं डोक्यातून काढून टाका.

शेजार आणि लाकूड

पोळ हे कुणाचं तरी अंगण आहे. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बेनचा फोटो न विचारता काढू नका. विचारलंत तर बहुधा चहाच मिळेल. रात्री दहानंतर गच्चीवर मोठ्याने बोललं की सात घरांना ऐकू जातं.

घरात ओला टॉवेल जुन्या खुर्चीवर किंवा लाकडी कठड्यावर टाकू नका, डाग राहतो. जिन्याला आणि खांबांना टेकून फोटो काढा, पण कोरीवकामावर लोंबकळू नका. उदबत्ती किंवा मेणबत्ती खोलीत लावायची असेल तर विचारून. हे घर लाकडाचं आहे. रात्री लाकूड करकरतं, ते भूत नव्हे. गरम पाणी यायला दोन-तीन मिनिटं लागतात, नळ सोडून फोन करत बसू नका, बादली खाली ठेवा.

बक्षिशी एकेकाच्या हातात देण्याऐवजी काउंटरजवळची सामाईक पेटी असेल तर त्यात घाला. मोरी घासणारा आणि महाराज समोर येत नाहीत, त्यांनाही ती पोहोचते.

निघायचा दिवस रविवार असेल तर सकाळी नदीकाठच्या गुजरी बाजारात चक्कर मारा. जुन्या घरांतून निघालेल्या कड्या, कुलपं, पितळी भांडी तिथे विकायला येतात. परत येऊन बिल तपासा : कर कितीने लावला, नाश्ता वेगळा धरला का. आणि घरात फिरून बाकीच्या दोन-तीन खोल्या रिकाम्या असतील तर दाखवायला सांगा. खिडकी कुठे उघडते, किती पायऱ्या, किती वाजता ऊन येतं हे खोलीच्या नावासकट वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत एका हवेलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या, गल्लीकडच्या खोलीपुढे लिहिलं आहे : ‘झोपाळा सज्जाशेजारी. पहाटे पोपट. जिना १९ पायऱ्या, आईला नको.’